साखर आटोक्यात असताना नजर गेली, तर? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी मधुमेह निघाला. दहाव्या वर्षी ती तपासलेली वही नाकापर्यंत नेऊन विचारायची, "आई, बाईंनी चुका कुठे दाखवल्यात?" लाल शाई तिला निळ्या अक्षरांतून वेगळी काढता येत नव्हती. दवाखान्यात म्हणाले, साखरेचा परिणाम. रात्री ती चारचारदा लघवीला उठायची, बाटलीभर पाणी संपवायची. बोट टोचून बघावं तर साखर १३०. तरी "चोरून गोड खातेस का?" असं तिला विचारलं गेलं. एकदा मीही विचारलं. तो तिचा चेहरा विसरता येत नाही.

नाव कळायला तीन वर्षं गेली. एका नेत्रतज्ज्ञांनी पडद्यावर न थांबता डोळ्याची नस पाहिली. ती फिकट पडली होती. मग जनुकीय तपासणी झाली: वुल्फ्रम सिंड्रोम, म्हणजे लहानपणीच मधुमेह आणि सोबत डोळ्याची नस सुकत जाणं. १९३८ पासून वैद्यकाला माहीत असलेला हा आजार. ज्यातल्या दोषाने तो होतो ते डब्ल्यूएफएस१ हे जनुकही १९९८ मध्येच सापडलंय.

यावर इलाज नाही, मग नाव कळून काय उपयोग, असं मला अनेकांनी ऐकवलं. पण रात्रीची ती तहान साखरेची नव्हतीच. शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी पडत होतं आणि त्यावर डेस्मोप्रेसिन हे औषध आहे. ते सुरू झालं तशी ती सलग झोपू लागली. तीन वर्षं ही झोप तिला मिळू शकली असती!

मधुमेह झाल्यावर थोड्याच वर्षांत लहान मुलाचा पडदा साखरेने इतका खराब होणं फार विरळा. म्हणून मागणी साधी आहे. मधुमेही मुलाची नजर उतरू लागली, की डोळ्याची नस तपासावी आणि ती फिकट दिसली तर जनुकीय तपासणीला पाठवावं, असं परिपत्रक प्रत्येक मधुमेह चिकित्सालयात आणि नेत्रविभागात लावा. दुर्मिळ आजारांच्या सरकारी यादीत या आजाराचं नाव घाला आणि तपासणीचा खर्च उचला. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो सहसा होतो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक भावंडाला चारात एक एवढा धोका असतो. त्यांचीही सोय व्हावी.

या आजारात पुढे ऐकूही कमी येऊ शकतं, मूत्राशयही दुबळं होतं. माझ्या मुलीला फळा दिसत नाही. बाईंचं बोलणं ऐकून ती लिहून घेते. तिच्या कानांची तपासणी ठरावीक मुदतीने व्हावी, एवढी तरी व्यवस्था याच वर्षी करा.

आपली,
एक आई