मनू, मोजमापाच्या लॅबबद्दल थोडं

मनू,

परवा घरी आलीस आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलीस, तेव्हाच आई म्हणाली हिचं काहीतरी बिनसलंय. मग रात्री सांगितलंस की निस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मोजमापाच्या सरकारी संस्थेच्या, त्या पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेला) तिथलं नागरिकत्वच लागतं. अगं, मग यात तुझं काय चुकलं? नापास झाल्यासारखं तोंड पाडून बसू नकोस बाळा.

मला लागलं ते तुझं दुसरं वाक्य. जाऊ दे बाबा, मी मटेरियलवाली, मोजमापाच्या लॅबमध्ये मला काय नवीन मिळणार.

मी भांडुपला टूलरूममध्ये तेवीस वर्षं काढली. स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे पोलादी ठोकळे, लाकडी पेटीतून काढायचे, पुसायचे, एकावर एक सरकवले की असे चिकटतात की ओढून सुटत नाहीत. उघड्या हाताने धरायचे नाहीत, माप २० डिग्रीला खरं, आणि १०० मिलिमीटरचं पोलाद एक डिग्री तापलं तरी मायक्रॉनभर वाढतं. एकदा घाईत मी तसाच हातात धरलेला गेज लावला आणि चांगला जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट केला, दुसऱ्या दिवशी सगळं थंड झाल्यावर परत मोजला तर बरोबर निघाला, ज्याने तो बनवला होता त्याच्याकडे बघवेना मला. धातू कसा वागतो हे कळल्याशिवाय माप घेताच येत नाही गं.

काल रात्री मोबाईलवर वाचत बसलो होतो. डॅन शेख्टमन नावाचे शास्त्रज्ञ १९८२ मध्ये ह्याच निस्टमध्ये होते, तेव्हा नाव नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स होतं, ॲल्युमिनियम-मँगनीजचा मिश्रधातू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघताना गोलात दहा ठिपके दिसले, स्फटिकाच्या नियमात न बसणारे. लोकांनी वेड्यात काढलं, पण माणूस आपल्या मोजणीवरून हलला नाही, २०११ ला केमिस्ट्रीचं नोबेल. सापडलं कुठे, तर मोजमापाच्याच संस्थेत!

आणि तुझं तर ग्राफीन, कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. सिलिकॉन कार्बाईडवर वाढवलेल्या ग्राफीनवर क्वांटम हॉल इफेक्ट (थंडीत आणि जोरदार चुंबकात रोध ठराविक पायऱ्यांवरच थांबतो तो) वापरून ओहमचं, म्हणजे विद्युत रोधाच्या एककाचं, प्रमाण ठरवतात, जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या पीटीबीत आणि इंग्लंडच्या टेडिंग्टनला एनपीएलमध्ये, म्हणजे त्या देशांच्या मोजमापाच्या संस्थांत, यावर काम झालंय. ते चांगलं ग्राफीन वाढवणार कोण, तुझ्यासारखीच माणसं ना? जर्मनीची हम्बोल्ट आणि युरोपियन युनियनची मेरी क्युरी या दोन्ही फेलोशिपना आपलं नागरिकत्व आड येत नाही, पण हम्बोल्टच्या पोस्टडॉकला पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत आणि मेरी क्युरीला आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी तिथला होस्ट, म्हणजे आपल्या लॅबमध्ये घ्यायला तयार असलेला शास्त्रज्ञ, मिळवावा लागतो, म्हणजे पहिलं काम मेल लिहिणं. आपली दिल्लीची एनपीएलही, तीही मोजमापाचीच, आहेच, तीही बघ. आईची काळजी करू नकोस, तिचं गुडघ्याचं मी बघतो.

मेल लांबलचक नको, तू काय वाढवलंस, काय मोजलंस आणि त्यांच्याकडे काय करायचंय एवढंच लिही. या रविवारी पवईहून लवकर निघ, आई कोलंबीचं करणार आहे, जेवून आपण दोघं बसून वाचू, मग माझ्यासमोरच पाठव.

बाबा