योजनेला खो कुणी घातला?

मा. संपादक,
स. न.

‘पाणीयोजनेला खो’, ‘रस्त्याच्या कामाला खो’, ‘भरतीला खो’ असे मथळे आपल्या अंकात वरचेवर असतात. खालची बातमी वाचावी तर कुठे निधीच आलेला नसतो, कुठे ठेकेदार काम टाकून गेलेला असतो, कुठे एका खात्याने फाइल दुसऱ्याकडे सरकवलेली असते. तिन्ही गोष्टी वेगळ्या, शब्द मात्र एकच. मैदानावरच्या खोशी हे जुळत नाही, म्हणून हे पत्र.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी चौकांत बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा घुसतो. तो पलीकडे गेला की धावणाऱ्याचा इलाज खुंटतो. मग तो पलीकडे तोंड असलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणतो आणि त्याच्या जागी बसतो. नुसता हात लावला, आवाज दिला नाही, तर फाऊल. खो मिळण्याआधीच बसलेला उठला, तरी फाऊल. मग धावणाऱ्याला उलट दिशेने जावे लागते आणि हाताशी आलेला गडी निसटतो. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच कर्णधारांनी पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताला मिळवून दिली. ते सामने ज्यांनी पाहिले, त्यांना खोमुळे पाठलाग कसा क्षणभरही न थांबता चालू राहतो, हे सांगायला नको.

तरीही ‘खो घालणे’ म्हणजे अडथळा आणणे, हा रूढ अर्थ मला चुकीचा वाटत नाही. पळणाऱ्याच्या बाजूने पाहा: वाट मोकळी दिसत असते आणि ऐन वेळी ताज्या दमाचा गडी समोर उठून उभा राहतो. चांगल्या चाललेल्या कामात कुणी मुद्दाम आडवे आले, तर ‘खो घातला’ हेच नेमके आहे.

क्रियापदे मात्र सांभाळून वापरावीत. खो ‘देतात’ तो माणसाला, ‘घालतात’ तो कामाला. जबाबदारी पुढे सरकवली असेल, तर ‘महसूल खात्याने नगरपालिकेला खो दिला’ असे लिहावे. त्यातही एक फरक आहे: मैदानात खो मिळालेल्याला त्याच क्षणी उठून पळावे लागते, कचेरीत तो बसूनच राहतो. तेव्हा खो कुणी घेतला नाही, हेही बातमीत यावे. पैशाअभावी पडून असलेल्या कामाला ‘रखडले’, सोडूनच दिलेल्याला ‘बारगळले’ हे शब्द आहेतच. तिथे खोचा संबंध नाही.

सर्वांत खटकतो तो ‘खो बसला’ हा प्रयोग आणि क्रियापद गाळलेला ‘योजनेला खो’ हा मथळा. दोन्हींत कर्ताच नाहीसा होतो. खो आपोआप बसत नाही, त्यामागे कुणाचा तरी हात आणि आवाज असतो. ज्या सभेत ठराव फेटाळला, ज्या अधिकाऱ्याने सही अडवली, त्याचे नाव वा पद मथळ्यात बसत नसेल, तर निदान बातमीच्या पहिल्या ओळीत द्यावे, ही विनंती.

– एक खो-खोप्रेमी वाचक, सांगली