‘वास तर चहाचाच येतोय ना?’ : काळ्या चहाच्या अर्काबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘काळ्या चहाचा नैसर्गिक अर्क’ या नावाने विकलेल्या पावडरीत चहा नसल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी फेब्रुवारीत ‘काळ्या चहाचा नैसर्गिक अर्क’ असे लिहिलेली पावडरीची १ किलोची बरणी घेतली. तिच्यात चहा नाही. रागाच्या भरात मी हे लिहीत नाही. पावडर वापरली, चाखली, घरी तपासली आणि शेवटी प्रयोगशाळेचा कागद हातात आल्यावरच हे पत्र लिहायला बसले आहे.

मी मिरजेला राहते आणि उन्हाळ्याचे चार महिने घरून आइस कँडी विकते. आमच्याकडे पोरे त्याला गारेगारच म्हणतात. कैरी, कोकम, काला खट्टा कुठेही मिळते. माझ्याकडे लोक येतात ते कोऱ्या चहाच्या गारेगारसाठी. त्यात चहाचे पाणी, साखर, लिंबू आणि आल्याचा रस एवढेच असते. माझ्या वडिलांची एस. टी. स्टँडजवळ तीस वर्षे चहाची टपरी होती. उन्हाळ्यात ते कोरा चहा गाळून, लिंबू पिळून बर्फात ठेवायचे आणि दुपारी गाडी लावून आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरना द्यायचे. तीच चव मी काडीवर गोठवून विकते.

पहिली चार वर्षे मी पत्ती स्वतः उकळायची. त्यात दोन अडचणी होत्या. दर पोत्यागणिक चव बदलायची आणि आसामचा कडक चहा गार झाला की गढूळ व्हायचा. चहातले कॅफिन आणि त्याला रंग व तुरटपणा देणारी थिआफ्लेविन, थिआरुबिजिन ही द्रव्ये गारव्यात एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे तो धुरकटतो. चहाच्या धंद्यात याला ‘क्रीम’ येणे म्हणतात, दुधाचा त्यात काही संबंध नसतो. नीलगिरीचा चहा गार केल्यावर बराच नितळ राहतो, पण माझ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला आसामचा कडकपणा लागतो. म्हणून तयार अर्काकडे वळले. तुमच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले होते : आसामच्या काळ्या चहाच्या पानांचा, पाण्यात काढलेला, शंभर टक्के नैसर्गिक अर्क. मी ४,२०० रुपये मोजले आणि त्या ओळीवर विसंबून माझ्या नव्या वेष्टनांवर ‘खऱ्या चहापासून’ असे छापून घेतले.

पहिल्याच खेपेला लिंबू पिळताना माझा हात थांबला. कोऱ्या चहात लिंबू पडले की रंग उतरतो, तांबडा जाऊन पिवळसर होतो. आंबटपणाने थिआरुबिजिनचा गडदपणा कमी होतो म्हणून असे घडते. उलट चिमूटभर खायचा सोडा टाकला तर चहा काळपट होतो. तुमच्या पावडरीच्या पाण्यात मी एक लिंबू पिळले, मग दुसरे, मग तिसरे. रंग होता तसाच. सोडा टाकूनही डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही. शेजारच्या पेल्यात घरच्या पत्तीचा चहा ठेवला होता, तो लिंबाच्या पहिल्या काही थेंबांनीच उजळला. करपवलेल्या साखरेचे पाणी जसे दिसते तसे तुमचे पाणी दिसत होते.

तरी मी स्वतःवरच शंका घेतली. वडिलांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे रंगाने त्यांची फसगत होण्याचा प्रश्न नव्हता. त्यांना कशाचे काय ते न सांगता दोन्ही पेले दिले. तुमच्या पेल्यातला घोट त्यांनी तोंडात फिरवला आणि म्हणाले, “जीभ ओढत नाही गं. वास आहे, चहा नाही.” खऱ्या चहातली तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून जीभ ओढल्यासारखी कोरडी लागते. त्यांनी हे कुठे वाचलेले नाही. तीस वर्षे रोज पहाटे पहिला कप स्वतः चाखून मगच दुसऱ्याला द्यायचा, हा त्यांचा नेम होता.

वासाबद्दलही थोडे सांगते, कारण तुम्ही वासाचाच धंदा करता. पान कोमेजवायचे, चुरगळायचे, हवेत तांबूस होऊ द्यायचे आणि मग वाळवायचे, या सगळ्यातून काळ्या चहाचा वास तयार होतो. त्यात धण्यात सापडणारा लिनालूल असतो, आपल्याकडच्या रोशा गवताच्या तेलातला जिरॅनिऑल असतो आणि दुखण्यावरच्या मलमात असते ते मिथाइल सॅलिसिलेटही असते. असे कितीतरी वास थोडे थोडे मिळून चहा होतो. तुमच्या बरणीतून एकच गोड, व्हॅनिलासारखा वास येतो आणि गोठल्यावर तोही जातो. अर्क वाळवताना चहाचा वास वाफेबरोबर उडतो हे मला ठाऊक आहे. ती वाफ धरून, थंड करून पुन्हा अर्कात मिसळण्याची सोय कारखान्यांत असते. तसे केले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती.

मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला फोन केला. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते : “मॅडम, वास तर चहाचाच येतोय ना? गिऱ्हाइकाला काय कळतंय?”

या उत्तराने मला जेवढे लागले तेवढे पैसे गेल्याने लागले नाही. माझी गिऱ्हाइके म्हणजे शेजारच्या शाळेतली मुले, बाजूच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, रात्रपाळीवरून परतणारे रेल्वेचे लोक. त्यांना कळते. एप्रिलमध्ये चार जणांनी मला विचारले, “ताई, चहा बदललात का?” मी चक्क म्हणाले, “नाही, उलट आता आसामचा अस्सल अर्क घालते.” तुमच्या कागदाच्या भरवशावर मी त्यांच्याशी खोटे बोलले.

त्यानंतर मी मान्यताप्राप्त अन्न-प्रयोगशाळेत नमुना दिला. फक्त कॅफिनची तपासणी करून घेतली, कारण तेवढेच परवडत होते आणि तेवढे पुरेसेही होते. काळ्या चहाच्या कोरड्या पानात साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असते आणि ते गरम पाण्यात सहज उतरते. त्या पानाचा पाण्यातला अर्क वाळवून पावडर केली, त्यात पावडर मोकळी राहावी म्हणून घालतात ते माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टाचे चूर्ण थोडेफार मिसळले, तरी कॅफिन नाहीसे होत नाही. मुद्दाम काढून टाकले असेल तर तसे बरणीवर लिहावे लागेल आणि तुमच्या बरणीवर तसे काही नाही. अहवाल सांगतो : कॅफिन आढळले नाही. प्रत सोबत जोडली आहे.

कृत्रिम स्वादाला माझा विरोध नाही. आपल्या अन्ननियमांत स्वादाचे नैसर्गिक, नेचर-आयडेंटिकल (निसर्गात असतो तोच, पण कारखान्यात बनवलेला) आणि कृत्रिम असे प्रकार मानले आहेत आणि परवानगीतला कुठलाही प्रकार उघडपणे विकता येतो. करपवलेल्या साखरेच्या, म्हणजे कॅरॅमल रंगालाही अन्नात घालायच्या पदार्थांच्या यादीत १५० हा क्रमांक आहे, तो लिहून वापरता येतो. सुगंधी द्रव्यांत तर चहा न घालता चहाचा भास उभा करणे ही मोठी कारागिरी मानली जाते आणि ती मलाही मान्य आहे. माझी नणंद साबण करते. तिने तुमच्याकडूनच सुगंधासाठीचा ‘चहाचा अर्क’ घेतला. पानापासून द्रावकाने काढलेला खरा अर्क दाट आणि गडद असतो, त्याला वाळल्या गवताचा, तंबाखूच्या पानाचा वास असतो. तिला मिळाले ते पाण्यासारखे पातळ आणि अत्तरासारखे गोड. ‘चहाचा सुगंध’ म्हणून विकले असते तर तिनेही आनंदाने घेतले असते. ‘अर्क’ म्हणायचे तर त्यात पान असले पाहिजे.

माझे नुकसान असे झाले : पावडरीचे ४,२०० रुपये, प्रयोगशाळेचे १,८०० आणि आता वापरता न येणाऱ्या वेष्टनांचे ३,५००. याशिवाय उरलेल्या दोनशे कँड्या मी विकल्या नाहीत, पण त्यांचे पैसे मागत नाही. हे ९,५०० रुपये परत मिळावेत. त्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र आणि घटकांची पूर्ण यादी मला लेखी पाठवावी. आणि ज्यांना ज्यांना ही बॅच गेली, त्या सगळ्यांना हा चहाचा अर्क नसल्याचे कळवावे. माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्या किती बायकांनी तुमच्या शब्दावर स्वतःचा शब्द छापला असेल, याचा मला राहून राहून विचार येतो. पैशांचे थोडे मागेपुढे झाले तरी चालेल, पण या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही.

‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असे उत्तर कृपया देऊ नये. केवळ उपजीविकेसाठी, स्वतः राबून चालवलेल्या व्यवसायाकरिता वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकच असते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करीन. वेष्टनावर चुकीची माहिती देऊन अन्नपदार्थ विकल्यास अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तुमच्या कायदा विभागाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल.

अर्धी बरणी मी झाकण चिकटवून, तारीख घालून कपाटात ठेवली आहे. तुमचा माणूस पाठवा. त्याच्यासमोर दोन पेले भरते आणि दोन्हींत लिंबू पिळून दाखवते. चाखायला वडील बसतीलच.

आपली,
मिरजेची एक गारेगारवाली

सोबत : खरेदीची पावती, बरणीच्या लेबलचा फोटो, माहितीपत्रकाची प्रत, प्रयोगशाळेचा अहवाल