काढलेले अपेंडिक्स तपासणीविना टाकले जाऊ नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोटात उजवीकडे खालच्या बाजूला गाठ लागली की आपल्या मराठवाड्यातील अनेक कुटुंबे कॅन्सरच झाला असे धरून बार्शीची किंवा मुंबईची वाट धरतात, आणि त्यासाठी शेत गहाण टाकण्यापर्यंतही पाळी येते. यातील काही थोड्या गाठी अपेंडिक्सच्या आणि निरुपद्रवी असतात, हे फारसे कोणी सांगत नाही. चेतातंतूंचा न्यूरोमा, स्नायूंचा लायोमायोमा, चरबीचा लायपोमा या अशाच दुर्मीळ गाठी. अशा गाठीने अपेंडिक्सचे तोंड बंद झाले तर नेहमीच्या अपेंडिसायटिससारखीच कळ येते. गाठ मोठी असली तर सीटी स्कॅनमध्ये ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखी दिसू शकते, स्त्रियांमध्ये उजव्या अंडाशयाची वाटते, आणि आपल्या भागात आतड्याच्या टीबीची शंकाही घ्यावीच लागते.

म्यूकोसीलबाबत मात्र विशेष सावध राहिले पाहिजे. यात अपेंडिक्स चिकट, बुळबुळीत द्रवाने फुगते. एरवी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत जाड असणारा हा अवयव सोनोग्राफीत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसला, तर ही शंका यायला हवी. असे फुगण्याचे कारण कधी साधा अडथळा असतो, तर कधी हळूहळू वाढणारी गाठ, आणि दोहोंतील फरक बाहेरून कळत नाही. अशी गाठ शस्त्रक्रियेत फुटली तर त्यातील पेशी पोटभर पसरून पुढे काही वर्षांनी पोट त्या द्रवाने भरू शकते. म्हणून ती न फोडता, अखंड काढणे हे शल्यचिकित्सकाचे मोठे कौशल्य आहे.

अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते, आणि नेमके तिथेच आपल्याकडे काम अर्धवट राहते. ऑपरेशन झाल्यावर ट्रेमधील अपेंडिक्स दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना दाखवले जाते, त्यांचे समाधान होते, आणि मग ते कचऱ्यात जाते. कधी ते प्रयोगशाळेत येतेही, पण सलाइनच्या बाटलीत, नावाची चिठ्ठी नसलेले आणि सडू लागलेले. तेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे अवयव सडू न देणाऱ्या द्रावणात, बुडवून पाठवले असते तर अहवाल नीट देता आला असता. वरवर साध्या दिसणाऱ्या अपेंडिक्समध्येही क्वचित गाठ सापडते, त्यामुळे ‘हे तर साधेच होते’ हे कारण मला पटत नाही.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी होते. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतून नमुने तेथे नियमित पोहोचवण्याची सोय आरोग्य विभागाने करावी, आणि नमुना पाठवल्याची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहिणे सर्व रुग्णालयांना, खासगीसुद्धा, बंधनकारक करावे. टाके काढायला जाताना रुग्णाने तो अहवाल मागून घ्यावा, आणि तो हाती येईपर्यंत कोणीही त्याला कॅन्सर झाल्याचे सांगू नये.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, बीड जिल्हा