खऱ्या मापाची निशाणी

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

सासूबाईंसाठी तुम्ही जे शोधून दिलंत, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘जेवलीस का’ विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालणार नाही, तेवढं तुमचं ऐकलं.

माझ्या सासूबाईंना आता ब्याऐंशी वर्षं झाली. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ज्या शेतावर त्या वाढल्या ते कधीच विकलं गेलं, पण बोलण्यात ते रोज येतं, आणि त्याच्यामागोमाग येते त्यांची पणजी. १८४१ साली ओहायोत जन्मलेली, लग्न झाल्यावर घोडागाडीत संसार घालून आयोवात आलेली, १९०७ मध्ये गेलेली. १९०० च्या शिरगणतीत बायकांना विचारलं होतं, मुलं किती झाली आणि हयात किती. तिच्या नावापुढे लिहिलंय ९ आणि ५. एवढं सगळं कागदावर आहे, फक्त तिचं माहेर कुठेच नाही. थडग्याच्या दगडावर नवऱ्याचं नाव, आणि खाली ‘त्याची पत्नी’.

‘ती कुणाची लेक होती, एवढंच मला हवंय,’ असं सासूबाई म्हणायच्या. मी कराडची, लग्न होऊन इथे आलेली. त्यांचं हे वाक्य मला जास्तच लागायचं.

शोधायला लागल्यावर कळलं की वाट का सापडत नाही. अमेरिकेच्या शिरगणतीत १८४० पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहायचे, बाकीचे सगळे नुसते आकडे. १८५० पासून गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव आलं, पण माहेरचं आडनावच ठाऊक नसेल तर अख्ख्या ओहायोतून नऊ वर्षांची एक मुलगी निवडायची कशी? लग्न झालं त्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट लग्नाच्या नोंदींसकट जळालेलं. १८९० ची शिरगणती १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली. आयोवाने १९२५ मध्ये स्वतःची शिरगणती केली तेव्हा प्रत्येकाला आईचं माहेरचं नाव विचारलं होतं. ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. पण तोवर हिची मुलं कुणी नेब्रास्कात, कुणी कॅन्ससमध्ये, कुणी मातीत. आयोवात एकही उरलं नव्हतं.

तुमच्याआधी जे भेटले त्यांच्याबद्दलही आज बोलते, कारण राग अजून गेलेला नाही. वंशावळ काढून देतो म्हणणाऱ्या एकाने आगाऊ पैसे घेतले आणि सुंदर छापलेला कागद पाठवला. त्यात पणजीचं माहेर थेट इंग्लंडातल्या जमीनदारांपर्यंत नेलेलं. सासूबाई दोन दिवस हरखून गेल्या होत्या. मग मी साल मोजलं, तर त्या कागदाप्रमाणे पणजी जन्मली तेव्हा तिची आई नऊ वर्षांची होती. त्याला कळवलं, त्याने उत्तरही दिलं नाही. सासूबाईंना ते सांगायची वेळ माझ्यावर आली. एका कार्यालयातल्या माणसाने तर फोनवर नाव नीट ऐकूनही घेतलं नाही. ‘खेड्यातली बाई ना? काही मिळणार नाही,’ म्हणाला आणि फोन ठेवला.

आणि मग तुम्ही. मेरीलँडला नणंदेकडे गेले होते, तिथल्या मंडळाच्या गणपतीत पंगतीत शेजारी बसलात. सगळा जन्म ‘भूमी अभिलेख’ खात्यात गेलेला, मोडी वाचता येते, मुलाकडे येऊन राहिल्यावर करमेना म्हणून वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात जाऊन अनोळखी लोकांसाठी जुन्या फायली वाचता, हे सगळं तुम्ही वरणभातावर सांगितलंत. मी पणजीची गोष्ट सांगितली. तुम्ही जेवायचे थांबलात. ‘म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखंच,’ म्हणालात. ‘बाई इतर हक्कात. पण इतर हक्कात तरी असते. नवरा लढाईत होता का?’

होता. आयोवातून पंच्याहत्तर हजारांवर माणसं यादवी युद्धात गेली, त्यातला तो एक. १८८८ मध्ये वारला. १८९० च्या कायद्याने अशा सैनिकांच्या गरजू विधवांना महिना आठ डॉलर पेन्शन सुरू झाली, आणि त्या आठ डॉलरसाठी बाईला सिद्ध करावं लागायचं की आपण खरंच त्याची लग्नाची बायको. कुणी घरच्या बायबलमधली नोंदीची पानं फाडून पाठवली, कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब. पणजीकडे लग्नाचा दाखला नव्हता, म्हणून तिने जबाब दिले. कागद कुठून कसे काढलेत ते तुमचं तुम्हाला माहीत. मला तीन आठवड्यांनी टपालाने एक जाड पाकीट आलं.

त्यात पणजीच्या माहेरच्या एका मैत्रिणीचा जबाब होता. ‘मी हिला लहानपणापासून ओळखते, ती अमक्याची मुलगी, लग्नाला मी हजर होते.’ अमक्याची! आडनावासकट. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच खाली बसले. नंतर त्या आडनावाने १८५० ची शिरगणती उघडली, तर वय वर्षं नऊ, बापाच्या घरात, दोन भावांच्या खाली, ही बसलेली.

पण काका, मी जन्मभर विसरणार नाही ते वेगळंच आहे. पणजीच्या स्वतःच्या जबाबाचे तुम्ही दोन फोटो पाठवलेत. एक मोठा केलेला, वाचायला. आणि दुसरा, पुठ्ठ्यात घालून, घडी न पडेल असा. त्यात कागदाखाली मोजपट्टी दिसत होती. मागे तुमच्या टपोऱ्या अक्षरात: ‘हा खऱ्या मापाचा छापून घेतला आहे. सासूबाईंना दिसत नाही म्हणालीस. निशाणीवर बोट ठेवता येईल.’

पणजीला लिहिता येत नव्हतं. आपल्याकडे ‘निशाणी डावा अंगठा’, तिकडे फुलीची चाल. कारकुनाने तिचं पहिलं नाव लिहिलं, मग जागा सोडली, मग नवऱ्याचं आडनाव. त्या मधल्या जागेत तिने फुली काढली, आणि कारकुनाने फुलीच्या वर ‘हिची’ आणि खाली ‘खूण’ असं बारीक लिहिलं. फुलीची एक रेघ सरळ, दुसरी मध्येच थबकलेली, टोकाला शाईचा ठिपका. तिचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव यांच्या बरोबर मध्ये, जिथे माहेर असायला हवं होतं, तिथे तिच्या हाताची तेवढी एक गोष्ट आहे.

सासूबाईंचं बोट धरून मी तिथे ठेवलं. त्यांनी ते हळूहळू दोन्ही रेघांवरून फिरवलं. ‘एवढीच?’ म्हणाल्या. मी म्हटलं, एवढीच, मोजून. मग बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही. मोठा केलेला फोटो त्यांनी मागितलासुद्धा नाही.

तुम्हाला हे सुचलं कसं? फायलींचे ढीग उपसताना, कधी न भेटलेल्या म्हाताऱ्या बाईच्या बोटाचा विचार मनात आला कसा? पैसे देऊन घेतलेल्या त्या छापील कागदावर सोनेरी किनार होती, पण त्या माणसाने सासूबाईंचं वयही विचारलं नव्हतं.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे सगळं चालतं, हे मला आता कळतंय. १९४० ची शिरगणती बहात्तर वर्षांनी, २०१२ मध्ये खुली झाली, तेव्हा दीड लाखांवर लोकांनी फुकट, घरी बसून, चार-पाच महिन्यांत तेरा कोटींवर नावं वाचून सूचीत घातली. कुणाची तरी आजी कुणाला तरी सापडावी म्हणून. कुणी उन्हात आरसा धरून थडग्यावरची पुसट अक्षरं उजळतं आणि फोटो काढून ठेवतं. दुसऱ्याचं काम आपल्या घरचं समजून करणारी ही माणसं कधी पुढे येत नाहीत, आणि तुम्हीही येणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. परवा सासूबाईंनी घरच्या बायबलमध्ये पणजीचं माहेरचं आडनाव माझ्याकडून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आता तुझं लिही, तुझ्या आईचं, आजीचं, पणजीचं. आजीपर्यंत लिहिलं. पणजीचं मला येईना. रात्री कराडला आत्याला फोन लावला, तिने थेट सांगितलं. आता तेही त्या पानावर आहे, देवनागरीत.

तुम्ही टपालखर्चही घेतला नाहीत. म्हणून या आठवड्यात एक पाकीट तुमच्याकडे येईल, ते मात्र परत पाठवू नका. सासूबाईंचं बोट त्या फुलीवर ठेवलेलं असताना मी फोटो काढला होता, तो त्यात आहे. खाली मोजपट्टी ठेवली आहे.

तुमची,
कराडची लेक