‘नाही’ म्हणू शकणारा वेल्डर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडीचा कडाका वाढला की रुळाला तडा गेल्यामुळे गाड्या खोळंबल्याची, किंवा गस्तीवरच्या कीमनला तो तडा वेळीच दिसल्यामुळे अपघात टळल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. कीमनचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. मात्र असा तडा पुष्कळदा सांध्यावरच का जातो आणि तो सांधा कोणी, कोणत्या परिस्थितीत जोडला होता, याविषयी कोणी विचारत नाही. मी रेल्वेच्या अभियांत्रिकी विभागातून थर्मिट वेल्डर, म्हणजे वितळलेले पोलाद ओतून रुळांचे सांधे जोडणारा कारागीर, म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून हे पत्र.

दोन रुळांच्या टोकांमध्ये २५ मिलिमीटर फट ठेवायची, भोवती साचा बसवून कडा लेपाच्या वाळूने बुजवायच्या, टोके सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवायची आणि मग वरच्या क्रुसिबलमधील (प्रखर उष्णता सोसणाऱ्या भांड्यातील) अॅल्युमिनियम व लोहऑक्साइडच्या मिश्रणाला बत्ती द्यायची, असे हे काम आहे. अर्ध्या मिनिटाच्या आत त्या मिश्रणाचे वितळलेले पोलाद होते आणि साच्यात उतरते. साचा दमट राहिला, टोके पुरेशी तापली नाहीत किंवा पोलाद घट्ट होण्याआधीच साचा फोडला, तर आत पोकळी किंवा भेग राहते. घासून गुळगुळीत केल्यावर मात्र चांगला आणि वाईट सांधा सारखाच चकाकतो. अल्ट्रासॉनिक तपासणीत बरेच दोष सापडतात, पण सगळेच सापडतील याची खात्री नसते. लांबच लांब जोडलेला रूळ थंडीत आकसू पाहतो, त्याला आकसता येत नाही, ताण वाढत जातो आणि मग कित्येक महिने लपून राहिलेला दोष एखाद्या पहाटे उघडा पडतो.

हे सारे काम ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून मिळालेल्या वेळात करावे लागते. पोलाद ओतल्यानंतर निदान अर्धा तास त्यावरून गाडी सोडायची नाही, असा नियम आहे. ठरलेला ब्लॉक दोन तासांचा असला तरी पुढची मालगाडी रखडली की हातात तास-सव्वा तासच उरतो आणि तेवढ्यातच काम उरका, असा आग्रह सुरू होतो. अशाच एका रात्री मी पोलाद ओतायला नकार दिला होता. वरिष्ठ संतापले, ‘ब्लॉक वाया घालवला’ असा शेरा बसला, आणि तो सांधा दुसऱ्या दिवशी पुरेसा वेळ घेऊन जोडला. माझी नोकरी त्या रात्रीमुळे गेली नाही, पगारही कापला गेला नाही. मी नकार देऊ शकलो याचे श्रेय माझ्या धाडसाला फारसे नाही. ते कायम नोकरीला आहे, हे मला तेव्हाच कळले होते.

आज थर्मिटचे बरेचसे काम कंत्राटदारांकडून करून घेतले जाते. त्यांचे वेल्डरही प्रशिक्षण घेतलेले आणि प्रमाणपत्रधारक असतात. त्यांच्यापैकी काहींचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण जिथे बिल सांध्यांच्या संख्येवर निघते आणि सांधा झाला नाही तर मजुरीही बुडते, तिथे ‘आज नको’ असे म्हणणे त्या माणसाला परवडत नाही. प्रत्येक सांध्यावर महिना, वर्ष, काम करणारी संस्था आणि वेल्डरचा सांकेतिक क्रमांक नोंदवलेला असतो. माझ्या क्रमांकाचा एक सांधा तपासणीत नापास होऊन कापावा लागला, तेव्हा सगळ्या गँगसमोर मान खाली घालून मी तो पुन्हा जोडला. कंत्राटी वेल्डरचा सांधा नापास होईपर्यंत तो कदाचित दुसऱ्याच राज्यात कामाला गेलेला असतो.

कायम नोकरीत आळस शिरतो, हा आक्षेप खोटा नाही. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणापुरतेच साच्याला हात लावणारे सहकारी मीही पाहिले आहेत. जागेवर फ्लॅश बट वेल्डिंग करणारी, म्हणजे विजेने रुळांची टोके तापवून ती एकमेकांवर दाबून जोडणारी यंत्रेही आता आली आहेत आणि त्यामुळे थर्मिटचे सांधे कमी होतील, ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही तडा गेलेल्या रुळाची दुरुस्ती आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या पॉइंट्स-क्रॉसिंगजवळची कामे थर्मिटशिवाय भागत नाहीत. सातव्या वेतन आयोगानुसार तंत्रज्ञ श्रेणी ३ चे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. कंत्राट यापेक्षा स्वस्त पडते, असा हिशेब मांडणाऱ्यांनी नापास सांधे कापून पुन्हा जोडण्याचा आणि त्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या ब्लॉकचा खर्चही त्यात धरावा.

निवृत्त होणाऱ्या वेल्डरांच्या जागा रेल्वेने रिकाम्या ठेवू नयेत, ही माझी पहिली विनंती. जिथे कंत्राट अपरिहार्य असेल तिथे वेल्डरला सांध्यामागे नव्हे तर दिवसामागे मजुरी मिळावी, आणि वेळ अपुरा असल्यास ब्लॉक परत करण्याचा त्याचा अधिकार करारातच लिहिलेला असावा. तसे झाल्यास परत केलेल्या ब्लॉकसमोर ‘वाया गेला’ असे न लिहिता ‘वेल्डरच्या निर्णयाने परत’ असे लिहावे लागेल; नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवला तरी पुरे.

आपला नम्र,
एक निवृत्त रेल्वे वेल्डर
मनमाड, जि. नाशिक