आई-नाना, विहिरीकडचा तुकडा विकू नका

नाशिक

ती. आई व ती. नाना यांस,
सा. न.

परवा नानांचा फोन आला, "अर्ज-बिर्ज नको, विहिरीकडचा तुकडा विकतो, तुम्ही गावीच या" म्हणाले, तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. मुलं जागी होती आणि हे समोरच बसले होते. म्हणून लिहिते आहे. दादाकडून वाचून घ्या, आणि नाना, मधेच उठून गोठ्याकडे जाऊ नका.

कंपनीत प्रेस मशीनवर यांच्या उजव्या हाताची बोटं गेली, त्यासाठी आम्ही ई.एस.आय.कडे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याकडे, कायमच्या अपंगत्वाचा अर्ज दिला आहे. आणि आम्ही गावी राहायला येणार नाही. विहिरीकडचं एकर विकायचं तर मनातसुद्धा आणू नका.

"आपल्या घरात कुणी सरकारपुढे हात पसरला नाही," असं तुम्ही म्हणालात. नाना, हे हात पसरणं नाही हो. यांच्या पगारातून दर महिन्याला 0.75 टक्के कापले जातात, वर कंपनी 3.25 टक्के भरते. सोळा हजारांवर यांचे 120 आणि कंपनीचे 520. प्रेसवर उभं राहून भरलेला विमा आहे तो. 72 च्या दुष्काळात तुम्ही पोरवयात आजोबांबरोबर खडी फोडलीत, सुकडी खाऊन दिवस काढलेत. त्या मजुरीची कुणाला लाज वाटली होती का? अपघातानंतर रोख घेऊन मिटवून टाका, असंही आम्हाला सुचवलं गेलं. आम्ही घेतली नाही. रिपोर्ट रीतसर गेला, म्हणूनच हे घरी होते तेवढे महिने पगाराच्या 90 टक्के खात्यात येत राहिले. भाडं, किराणा, दूध, काहीच अडलं नाही. आई, मुलांना रोज सकाळी भाकरी-दूधच देते, बिस्किटांवर भागवत नाही.

आता मेडिकल बोर्ड किती टक्के ठरवतं ते बघायचं. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची चार बोटं गेली तर 50 टक्के लिहिलेलं आहे. तेवढे धरले तर महिन्याला सात हजारांच्या आसपास, आणि तेही आयुष्यभर. दुसरं काम करत असले तरी ते बंद होत नाही.

पाटलांनी तुम्हाला सांगितलं की मुलांच्या नावाने वेगळी पेन्शन मिळते. ती कर्ता माणूस कामावरच्या अपघातात दगावला तर मिळते, नाना. माझ्या मुलांना ती कधीच न मिळो. बाप जिवंत असताना मुलांना मिळतो तो दवाखाना, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. यांनी विम्यात बसणारी नोकरी सोडली तर वर्षाला 120 रुपये भरून आम्हा नवरा-बायकोचा इलाज चालू राहतो, मुलं मात्र बाहेर पडतात. ओवीचा बाळदमा तुम्ही पाहिलाय. थंडीत तिला रात्री-अपरात्री न्यावं लागतं. म्हणून हे त्याच कंपनीत स्टोअरला बसणार आहेत. तुमच्याकडे यायला मन होत नाही असं नाही गं आई. तुझ्या चुलीपाशी बसून गरम भाकरीचा पापुद्रा सोलून खावा, असं आजही रोज वाटतं.

हे बरे आहेत. डाव्या हाताने सही शिकतायत. बँकेत सही बदलावी लागणार, म्हणून चिनूच्या चार रेघी वहीत रोज एक पान लिहितात. चिनू शेजारी बसतो आणि अक्षर रेघेबाहेर गेलं की सांगतो. परवा दोघं किती वेळ हसत होते! शर्टाची बटणं मी लावायला गेले की रागावतात, म्हणून मी आता जात नाही.

सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्रही काढतोय. 40 टक्क्यांच्या वर निघालं की यांना एस.टी.त 75 टक्के सवलत, मला अर्धं तिकीट आहेच. म्हणजे उलट आमच्या चकरा वाढतील. चिनूला दहावीनंतर कामगार कल्याण मंडळाची शिष्यवृत्ती भरायची असते, तिचीही माहिती मी काढून ठेवली आहे. जून आणि डिसेंबरात पगारातून कापतात ना, तो त्याच मंडळाचा निधी.

आता माझं ऐका. आई, मोतीबिंदू "कांदे निघाल्यावर बघू" असं चालणार नाही. कांदे दादा काढेल. नाना, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, आठवण झाली की घ्यायची नाही. अनवाणी वावरात जायचं नाही, पायाला जखम झाली तर लगेच दादाला सांगायचं. आणि जमिनीसाठी कुणाकडून इसार घेतला असेल तर याच आठवड्यात परत करा. मी रागावून नाही सांगत, नाना. त्या विहिरीत तुम्ही मला कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलंत. चिनूलाही तिथेच शिकायचंय, तो आत्तापासून विचारतोय.

दिवाळीला आम्ही चौघं येतोय. येताना ओवीचा पंप मी आठवणीने घेईन, तुम्ही काळजी करू नका. फक्त ती आली की चुलीचा धूर घरात कोंडू देऊ नका, मागचं दार उघडं ठेवा.

तुमची,
ताई